किल्ली पुन्हा हरवली

संध्याकाळचे साडेसात वाजले हे भूमच्या त्या गल्लीत कुणाला घड्याळात बघावं लागत नसे. बलभीम मास्तर टीव्हीला शिव्या द्यायला लागले की समोरच्या सिताबाई कुकर चढवायच्या. मास्तरांचा आवाज मुळातच गच्च भरलेल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचणारा. तो दोन खोल्यांच्या घरात मावणार कसा? "खिशात बघ मुडद्या, वरच्या खिशात हाय," असं ते पडद्यावरच्या पोराला बजावून सांगायचे, आणि जाहिराती संपल्या की ते पोरगं खरोखरच वरच्या खिशातून किल्ली काढायचं. मग मास्तर कपाळावर हात मारून घ्यायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरलाही मास्तरच म्हणतात, आणि बलभीम मास्तरांनी उभी हयात एसटीत तिकिटं फाडली होती. आता निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. पत्नी हरणाबाई गेल्या, मुलगा इंद्रजित पुण्याकडे कंपनीत लागला, आणि घरात मास्तर, टीव्ही आणि पाण्याचा माठ एवढेच उरले. दर रविवारी सूनबाई अर्पिता व्हिडिओ कॉल लावून द्यायची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हे दोन प्रश्न व्हायचे. मास्तर दोन्हीला "व्हय" म्हणायचे. दोन प्रश्न विचारले की विचारपूस झाली, असं हल्ली धरतात. त्यात अर्पिताचा दोष नव्हता. ती बिचारी मनापासून विचारायची, पण गोळी घेतली की नाही यावर माणूस बोलून बोलून किती बोलणार?

सकाळी ते स्टँडवर जाऊन बाकावर बसत. नव्या कंडक्टरांच्या गळ्यात तिकिटांची यंत्रं होती आणि कानांत इअरफोन होते. त्यातला एकही मास्तरांना ओळखत नव्हता. एकदा एकानं तर "काका, कुठं जायचंय?" असं विचारलं, तेव्हापासून मास्तरांनी बाकही सोडला.

अशा माणसाला एक मालिका एवढी का झोंबावी, हे समजायचं तर थोडं मागं जावं लागेल.

धाराशिवला तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणत. तिथून संध्याकाळी माकणीला एक मुक्कामी गाडी सुटायची. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावातच थांबायचं आणि पहाटे तिथूनच परत फिरायचं. ही ड्युटी कुणाला नको असायची. घरदार सोडून परगावी कुठंतरी पथारी टाकायची, मिळेल ते खायचं, डासांना रक्त द्यायचं. मास्तरांच्या वाट्याला ती आली, आणि त्यांच्या जोडीला ड्रायव्हर म्हणून आले शरणप्पा. उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेल्या गावचे. बोलताना मराठीत मध्येच एखादा कानडी शब्द सहज घालणारे.

भूकंपाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दगडी भिंतीखाली झोपायला कुणी धजत नव्हतं, म्हणून माकणीच्या ग्रामपंचायतीनं या दोघांना पत्र्याची एक खोली दिली होती. त्या एका खोलीत ही दोन टोकं एकत्र आली. शरणप्पा पहाटे उठून गार पाण्यानं अंघोळ करणार, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करणार, त्याशिवाय पाण्याचा घोट नाही. चादरीची घडी अशी की कोपऱ्याला कोपरा जुळलाच पाहिजे. मास्तर म्हणजे नुसता पसारा. कांद्याची टरफलं उशाशी, तंबाखूची पुडी अंथरुणात, आणि बाजारच्या दिवशी सुकट आणून स्टोव्हवर परतली की पत्र्याच्या खोलीला तो वास तीन दिवस पुरायचा. शरणप्पा तोंडानं काही म्हणत नसत. आपली पथारी उचलून सरळ गाडीच्या टपावर झोपायला जात. मास्तर मग खालून ओरडून विचारायचे, आप्पा, वर मच्छर चावत न्हाईत का? वरून उत्तर यायचं, चावतात, पण ते वास मारत न्हाईत.

त्याच काळात टीव्हीवर 'एक खोली, दोन कुलपं' लागायची. आठवड्यातून एकदा. सदानंद नावाचा नेटका गृहस्थ आणि दिगंबर नावाचा गबाळा, दोघं एका खोलीत भाड्यानं राहतात, एकमेकांवर भरवसा नाही म्हणून एकाच दाराला दोन कुलपं लावतात, आणि दर वेळी कुणाची तरी किल्ली हरवते. ग्रामपंचायतीचा टीव्ही लाकडी पेटीत बंद असायचा. तो उघडला की अर्धं गाव पुढ्यात येऊन बसायचं. पहिल्याच भागात लोकांनी पडद्याकडे बघितलं, मग या दोघांकडे बघितलं, आणि जो हशा उठला तो मालिका संपली तरी थांबला नाही. तेव्हापासून माकणीत शरणप्पा झाले सदानंद आणि मास्तर झाले दिगंबर. म्हाताऱ्या बायका गाडीत चढता चढता म्हणायच्या, तुझं माझं जमेना अन् तुझ्यावाचून करमेना. आणि करमत नव्हतं हे खरंच होतं, कारण ड्युटी बदलून मागायची वेळ आली की दोघंही गप्प बसत आणि माकणीचीच गाडी पुन्हा घेत.

एक गोष्ट मात्र या जोडीत कधी चुकली नाही. माकणीला शाळेची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या बोळात गाडी उलटी घालावी लागे, म्हणजे पहाटे सरळ निघता येई. कंडक्टरनं खाली उतरून मागं उभं राहिल्याशिवाय गाडी मागं घ्यायची नाही, हा एसटीचा शिरस्ता. घाईत बरेच ड्रायव्हर तो मोडतात. शरणप्पांनी कधी मोडला नाही. मास्तर मागं उभे राहून गाडीच्या पत्र्यावर थाप मारत, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत, आणि टाकी हातभर उरली की "साकू" म्हणत. साकू म्हणजे कानडीत बास. हा शब्द त्यांनी शरणप्पांकडूनच उचलला होता. शरणप्पा त्या वेळी आरशात बघतसुद्धा नसत. एका प्रवाशानं कारण विचारलं तेव्हा म्हणाले होते, आरसा फसवंल, मास्तर न्हाय फसवायचे. उलट येताजाता, गाडी रिकामी झाली की मास्तर शेवटच्या बाकावर खुशाल डुलक्या काढत. स्टिअरिंगवर शरणप्पा असताना डोळे उघडे ठेवायची गरजच काय?

पुढं शरणप्पांची बदली झाली. सकाळी आदेश आला आणि दुपारी ते गेले. भांडण नाही, तंटा नाही. नोकरीत असंच होतं. मग लग्नकार्यं, आजारपणं, निवृत्ती, आणि त्या सगळ्यात एकमेकांचा पत्ता कधी सुटला ते दोघांनाही कळलं नाही.

गेल्या वर्षी टीव्हीवर जाहिरात आली, 'एक खोली, दोन कुलपं' नव्या रूपात परत येतेय, रोज संध्याकाळी साडेसातला. मास्तर उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन, चार ठिकाणी विचारून, त्यांनी शरणप्पांच्या मुलाचा, बसवेशचा नंबर मिळवला. बसवेशनं फोन वडिलांच्या हातात दिला. मास्तर म्हणाले, "सदानंद हायत का घरात?"  पलीकडून तो ओळखीचा आवाज म्हणाला, "सुकट खाल्ली न्हाय ना? मग बोला."

त्या दिवसापासून रिवाज पडला. मालिका संपली की आठ वाजता मास्तर फोन लावणार आणि दोघं मिळून तिची चिरफाड करणार. शिव्या द्यायला मसाला भरपूर होता. नव्या मालिकेत सदानंद आणि दिगंबर दाढीवाले तरुण झाले होते, खोलीचा पुण्यातला फ्लॅट झाला होता, पण गोष्टी त्याच. शिळ्या कढीला ऊत. घरमालक अचानक येतो आणि दिगंबर कपाटात लपतो. दोघांना एकच मुलगी आवडते आणि शेवटी तिचं लग्न ठरलेलं निघतं. दिगंबर सदानंदाच्या वाढदिवसाचा केक चुकून खातो. आणि किल्ली तर हरवायचीच. मास्तरांचा पारा चढायचा तो यावरच. "आप्पा, त्या दाराला अंगठा लावून उघडायचं कुलूप हाय. किल्लीच न्हाय तर हरवली कशी?" शरणप्पा शांतपणे म्हणायचे, "हरवली तर हरवली. सापडली कुठं, खिशातच की न्हाय?" खिशातच, मास्तर दात-ओठ खात सांगायचे. "वरच्या खिशात?" वरच्या. "बघा, म्या म्हटलंच होतं," शरणप्पा म्हणायचे.

शरणप्पांना सगळं आधीच ठाऊक असायचं. घरमालक म्हटलं की ते कपाट म्हणायचे, केक म्हटलं की मांजरावर आळ म्हणायचे, आणि बरोबर निघायचं. मास्तरांना वाटायचं, याला म्हणतात बघणारा माणूस. फोन झाला की मास्तर भाकरी खायला बसत, आणि ती भाकरी त्यांना गोड लागे. अख्ख्या दिवसात कुणाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच. आठ वाजायच्या आशेवर सकाळपासूनचा दिवस ढकलला जायचा, हे ते स्वतःशी कबूल करत. लाज वाटायची, पण खरं होतं.

तरी मालिकेवरचा राग खराच होता. एका रविवारी त्यांनी अर्पिताला सांगून वाहिनीच्या पानावर लिहायला लावलं, की आम्ही जुने प्रेक्षक आहोत, आम्हाला मूर्ख समजू नका, एखादी तरी नवी गोष्ट दाखवा. अर्पितानं ते लिहिलं. तिथं असं लिहिणारे आणखी पुष्कळ निघाले. सगळ्यांचंच डोकं फिरलं होतं म्हणायचं. आणि थोड्या आठवड्यांनी वाहिनीनं जाहीर केलं, की आता कथा नवं वळण घेणार. मास्तर दिवसभर गल्लीत छाती काढून हिंडले. सिताबाईंना सांगून झालं, वाण्याला सांगून झालं. फोनवर शरणप्पांना सांगितलं तेव्हा ते मात्र फार खूश दिसले नाहीत. जुनं तेच बरं हो, असं काहीतरी पुटपुटले आणि विषय बदलला.

नव्या वळणाचा भाग लागला. मास्तर शिव्या तयार ठेवूनच बसले होते. पण त्या संध्याकाळी किल्ली हरवली नाही. घरमालक आला नाही. सदानंदला दुसऱ्या गावी नोकरी लागली, त्यानं पिशवी भरली, चादरीची घडी घातली आणि दिगंबर झोपेतून उठायच्या आत तो निघून गेला. भांडण नाही, मिठी नाही, मागून येणारा तो खोटा हशाही नाही. दिगंबर उठला, सवयीनं दोन कप चहा केला, दुसरा कप समोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. तिथंच भाग संपला.

मास्तर पंख्याखाली बसूनही घामानं भिजले. कारण हे त्यांनी पाहिलेलं होतं. शरणप्पांची बदली झाली त्या रात्री ते नव्या ड्रायव्हरबरोबर माकणीला गेले होते. पत्र्याच्या खोलीत शरणप्पांची घडी घातलेली चादर तशीच राहिली होती. पहाटे मास्तरांनी स्टोव्ह पेटवला आणि दोन पेले चहा केला. नवा ड्रायव्हर गाडीतच झोपला होता. दुसरा पेला गार होईस्तोवर तिथंच होता. ही गोष्ट त्यांनी हरणाबाईंनासुद्धा सांगितली नव्हती. आज ती सांगायची होती. मालिकेनं वाट करून दिली होती, आणि ऐकणारा माणूस फोनच्या पलीकडे होता.

त्यांनी फोन लावला. चादरीपासून सुरुवात करावी की चहापासून, ते ठरेना. तेवढ्यात शरणप्पाच बोलले, नेहमीच्या सुरात. "काय हो मास्तर, पुन्हा किल्लीच का? त्या दिग्यानं खिशातच ठेवली असणार. मला पहिल्या मिनिटाला कळलं."

 शरणप्पांनी दोनदा हॅलो म्हटलं. मास्तरांनी फोन ठेवून दिला.

घरात बसून त्यांना एकेक आठवत गेलं. शरणप्पा स्वतःहून कधी काही सांगत नसत. मास्तरांनी अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं ते जुळवत. गोष्टी जुन्याच, त्यामुळे जुळायला अडचण काय? म्हणजे हा माणूस मालिका बघतच नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता. एवढे महिने आपण जीव तोडून बोललो आणि पलीकडे कुणी म्हातारा नुसता पाय हलवत "व्हय व्हय" करत होता. आपल्याला वेड्यात काढलं. मास्तरांना इतका राग आला की भाकरी तशीच झाकून ते आडवे झाले. आणि रागाच्या खाली जे होतं ते रागाहून वाईट होतं. इतके दिवस आपण एकटे नाही असं त्यांना वाटत होतं, आणि खरं बघता ते एकटेच होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गरज असंल तर त्यानं करावा, असं म्हणून फोन समोर ठेवून ते बसले. फोन वाजला नाही. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की इतक्या महिन्यांत शरणप्पांनी आपणहून एकदाही फोन केलेला नाही. दर वेळी आपणच. हे ध्यानात आल्यावर त्यांनी पिशवी उचलली आणि पहाटेची गाडी धरली. तोंडावर विचारायचं आणि परत फिरायचं, एवढंच ठरवून ते निघाले.

भूम ते उमरगा म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. गाड्या बदलत, अंग आंबवत मास्तर त्या गावी पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवर बाजेवर शरणप्पा बसले होते. धोतर स्वच्छ, कपाळाला विभूती, शेजारी घडी घातलेली चादर, कोपऱ्याला कोपरा जुळवलेला. मास्तर अंगणात जाऊन समोर उभे राहिले. शरणप्पांनी मान वर केली आणि दाराकडे बघून विचारलं, "कोण हाय?"

दार डावीकडे होतं. मास्तर उजवीकडे उभे होते.

बसवेश बाहेर आला आणि त्यानं मास्तरांना ओळखलं. तो त्यांना बाजूला घेऊन हळूच बोलला. साखरेनं डोळे गेले होते. तीन वर्षं होत आली होती. शस्त्रक्रिया करून पाहिली, उपयोग झाला नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी आप्पांनी सगळ्यांना शपथ घातली होती. घरात टीव्ही आहे, पण त्यापुढं ते बसत नाहीत, नुसता आवाज ऐकून जीव घाबरा होतो म्हणतात. मात्र संध्याकाळ झाली की फोन मागून घेतात, चार्ज झालाय ना हे दहा वेळा विचारतात, आणि हातात धरून ओसरीवर बसतात. या दोन-तीन दिवसांतही बसले. मीच लावून देऊ का म्हटलं तर नको म्हणाले.

मास्तर परत आले आणि बाजेच्या कडेला बसले. रागाचं काय करायचं ते त्यांना कळेना, कारण तो अंगणातच कुठंतरी गळून पडला होता. म्हणाले, "सांगायला काय झालं होतं, आप्पा?"

"ड्रायव्हर आंधळा झाला म्हणून कसं सांगू?" शरणप्पा म्हणाले. "तुम्ही माझ्या भरवशावर डुलक्या काढल्यात." मग म्हणाले, "आणि सांगितलं असतं तर तुम्ही पण विचारपूस केली असती. इथं समदे तेच करतात. जेवला का, दुखतंय का, हात धरू का. तुम्ही एकटे होता जे माझ्याशी तावातावानं भांडायचे. त्या किल्लीचा म्या लई आभारी हाय मास्तर. ती रोज हरवायची म्हणून माझं चाललं होतं."

मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी मालिकेत खरं काय झालं होतं म्हणून. मास्तरांनी सांगितलं. सदानंद न सांगता गेला. दिगंबरनं दोन कप चहा केला आणि दुसऱ्या कपाकडे बघत बसला.

 शरणप्पांचा हात चादरीच्या घडीवरून फिरत राहिला. "तुम्ही बी केला होता का?"

"व्हय," मास्तर म्हणाले. "दोन पेले."

परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा शरणप्पांनी स्टँडपर्यंत पोचवायला येतो असा हट्ट धरला. बसवेशनं दंड धरला तसा त्यांनी तो झटकून टाकला. मास्तरांनी बसवेशला खुणेनं मागं थांबवलं. मग ते स्वतः पायऱ्या उतरून दोन पावलं पुढं गेले, वळून तोंड करून उभे राहिले, आणि ओसरीच्या खांबावर तळहातानं थाप मारली. "येऊ द्या," ते म्हणाले. शरणप्पांची मान ताठ झाली. त्यांनी पाय उचलला. मास्तर मागं मागं सरकत गेले, येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं गटार हाय, येऊ द्या, असं म्हणत. वाटेत गावातल्या माणसांनी थांबून बघितलं. दोन म्हातारे, एक उलटा चालतोय, एक सरळ, आणि मध्ये कुणाचा कुणाला हात नाही. स्टँडच्या खांबाजवळ मास्तर "साकू" म्हणाले. शरणप्पा तिथंच थांबले, आणि गाडी सुटेपर्यंत हलले नाहीत.

भूमला परतल्यावर आठ वाजताचा फोन पुन्हा सुरू झाला. आता मास्तर सगळं खरं खरं सांगायचे. पण मालिकेचंच काही खरं नव्हतं. नवं वळण लोकांना रुचलं नाही. ज्यांनी नवं मागितलं होतं त्यांनाच जुनं हवंसं वाटायला लागलं, आणि एका शनिवारी वाहिनीनं मालिका गुंडाळून टाकली. पुढच्या सोमवारपासून त्या जागी स्वयंपाकाची स्पर्धा आली.

सोमवारी आठ वाजता मास्तर फोन हातात घेऊन बसले. बंद झाली म्हणून सांगितलं तर बोलायचं काय? जेवलात का, दुखतंय का?  त्यांनी नंबर लावला आणि शरणप्पांनी काय झालं आज म्हणून विचारताच तोंडाला येईल ते ठोकून दिलं. घरमालक आला, दिगंबर कपाटात लपला. मंगळवारी केक. बुधवारी मुलगी. येरे माझ्या मागल्या. ज्या गोष्टींसाठी त्यांनी वर्षभर त्या लिहिणाऱ्यांचा उद्धार केला, त्याच गोष्टी ते आता हलक्या आवाजात, चोरासारखं भिंतीकडे तोंड करून सांगत होते. दिवसभर बसून एखादी नवी गोष्ट जुळवावी म्हणून त्यांनी डोकं खाजवलं, पण काही सुचलं नाही. सुचणं इतकं अवघड असतं हे त्यांना या वयात कळलं. आरसा फसवंल, मास्तर न्हाय फसवायचे, हे शरणप्पांचं वाक्य मात्र रोज आठवायचं, आणि फोन ठेवल्यावर भाकरी उतरायची नाही.

असा महिना गेला. मग एका दुपारी बसवेशचाच फोन आला. त्यानं भीत भीत विचारलं, "काका, ती मालिका तर महिन्यामागंच बंद झाली. तुम्ही आप्पांना रोज सांगता तरी काय?"

मास्तरांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी विचारलं, आप्पांना बोललास का तू?

"बंद झाली त्याच दिवशी बोललो," बसवेश म्हणाला. "ते म्हणाले, मास्तरला कळू देऊ नको की मला कळलंय."

 फोन ठेवल्यावर डोळे पुसायचंही भान मास्तरांना राहिलं नाही. गल्लीत ऊन उतरलं, दिवे लागले. आठ वाजले तसा त्यांनी नंबर लावला.

"काय झालं आज?" शरणप्पांनी विचारलं.

"काय व्हणार, आप्पा. किल्ली हरवली."

"पुन्हा?"

"पुन्हा."

पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला. "ह्या लिहिणाऱ्यांना दुसरं काय सुचतच न्हाय की हो."

"न्हाय सुचत," मास्तर म्हणाले, आणि भिंतीकडचं तोंड फिरवून, पूर्वीसारख्या भरल्या गाडीच्या आवाजात, त्यांनी त्या लिहिणाऱ्याला अशी काही शिव्यांची लाखोली वाहिली, की समोर सिताबाईंनी घाईघाईनं कुकर चढवला.